एकच काठ, एकच उतार : पुण्यात नदी-टेकडीच्या श्रमदानाला नव्याने येणाऱ्यांसाठी

जूनचा पहिला पाऊस झाला की आमच्या गटाला एकच विचारणा सुरू होते. "झाडं कधी लावताय? आम्हालाही यायचंय." विचारणाऱ्यांच्या मनात खरी कळकळ असते, आणि तिला नीट वाट मिळावी म्हणून हे लिहिते आहे. गेली काही वर्षं मी रामनदीच्या एका लहानशा टप्प्यावर आणि वेताळ टेकडीच्या एका उतारावर नेमाने जाते. पुढची सगळी उदाहरणं पुण्यातली आहेत. तुमच्या गावी पंचगंगा, गोदावरी किंवा नाग नदी असेल, तर नावं बदला. पहिल्या वर्षाची कामं फारशी बदलणार नाहीत.

जागा लहान घ्या, पायी जाता येईल अशी

पुण्यात मुळा, मुठा आणि पवना तर आहेतच. पण आंबिल ओढा, नागझरी, भैरोबा नाला, देवनदी, रामनदी हे प्रवाह बहुतेकांना पुलावरून येणाऱ्या वासापुरतेच माहीत असतात. तुमच्या घरापासून पंधरा मिनिटांत पायी पोचता येईल असा शंभर-दोनशे मीटरचा काठ किंवा टेकडीचा एक उतार निवडा. लांबची सुंदर जागा घेतली, तर दोन महिन्यांत खाडे पडायला लागतात. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये एका शेजाऱ्याला घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने त्यांचा सन्मान केला. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की तो घराजवळचा किनारा होता आणि लोक दर आठवड्याला त्याच वाळूवर परत येत होते.

जागा ठरली की लगेच हात घालू नका. आधी चार वेळा नुसतं जाऊन या : एकदा पहाटे, एकदा संध्याकाळी, एकदा मोठ्या पावसानंतर आणि एकदा भर उन्हात. सोबत वही ठेवा. कोणता नाला कुठे मिळतो, त्याचं पाणी कोणत्या वेळी काळं किंवा फेसाळ होतं, राडारोड्याचे ट्रक कुठून उतरतात, गुरं कुठे पाणी पितात, मुलं मासे कुठे धरतात, हे सगळं हाताने नकाशा काढून त्यावर मांडा. नकाशा वेडावाकडा आला तरी चालेल, पण तो तुम्हीच काढा. तो काढताना जे दिसतं, ते फोनवरच्या नकाशात दिसत नाही.

मग तिथल्या जुन्या माणसांशी बोला. "आजोबा, पूर कुठवर यायचा?" एवढा एक प्रश्न पुरतो. मुठेच्या काठी असाल, तर बोलणं १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरावर येतंच आणि पाणी कुठल्या वाड्याच्या कुठल्या मजल्याला लागलं होतं तेही कळतं. या गप्पांना जोड म्हणून पूररेषा समजून घ्या. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. तुमचा टप्पा यांच्या आत किती येतो हे माहीत नसेल, तर तिथे काय लावायचं आणि काय नाही हे ठरवता येत नाही.

कोणाच्या जमिनीवर उभे आहात?

हा प्रश्न नव्या गटांना कंटाळवाणा वाटतो, आणि नेमका तो टाळला की काम अडतं. टेकडीवरची जमीन वन विभागाची असते, महापालिकेची असते, कधी खासगीही असते. नदीच्या पात्राशी जलसंपदा विभाग आणि महापालिका दोघांचा संबंध येतो. वनजमीन असेल, तर वनरक्षकाची ओळख करून घ्या आणि वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात एक साधं पत्र द्या : आम्ही कोण, किती जण, कोणत्या दिवशी, काय करणार, काय करणार नाही. शेवटचा मुद्दा विसरू नका. "आम्ही परवानगीशिवाय एकही खड्डा घेणार नाही" असं लेखी दिलेल्या गटावर विश्वास लवकर बसतो.

नदीसाठी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकांना किमान दोन दिवस आधी कळवा, म्हणजे गोळा केलेला कचरा न्यायला गाडी येईल. आमच्या सुरुवातीच्या एका रविवारी ही तजवीज राहिली. तीस पोती काठावर भरून ठेवली, रात्री पाऊस झाला आणि सकाळी त्यातली निम्मी पुन्हा पात्रात होती. त्या दिवसापासून गाडी नक्की झाल्याशिवाय आम्ही एकही पोतं भरत नाही.

जवळपास आधीच काम करणारं कोणी असेल, तर वेगळा गट काढण्याआधी त्यांच्यासोबत काही महिने घालवा. पुण्यात जीवितनदीसारखी संस्था नदीकाठाचे टप्पे दत्तक घेऊन काम करते. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीने तर निसर्ग पुन्हा उभा कसा करायचा याचं शिक्षण कितीतरी पुणेकरांना दिलं आहे. शिकण्यासाठी दारं उघडी आहेत.

आणि कचरावेचक मावशींना विसरू नका. काठावरच्या कचऱ्याचं त्यांना असलेलं ज्ञान आपल्याला वर्षभरात येत नाही. बाटल्या, पत्रा, पुठ्ठा त्यांच्यासाठी वेगळ्या पोत्यात ठेवा. तो त्यांचा रोजगार आहे.

पहिल्या दिवशी काय घालायचं, काय आणायचं

जुने, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, नदीवर गमबूट, टेकडीवर घोट्यापर्यंतचे बूट. हातमोजे जाड रबराचे किंवा कातडी. दवाखान्यातले पातळ मोजे काचेला आणि सुयांना अजिबात दाद देत नाहीत. धनुर्वाताची सुई घेतलेली असावी. पायाला किंवा हाताला उघडी जखम असेल, तर त्या दिवशी पाण्याजवळचं काम घेऊ नका. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार होतो आणि तो मुख्यतः जखमेतून शिरतो. श्रमदानानंतर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी आली, तर डॉक्टरांना "मी नदीत काम केलं होतं" हे आवर्जून सांगा.

दगड हाताने उचलू नका, काठीने किंवा पहारीने हलवा. आपल्या टेकड्यांवर फुरसं हा विषारी साप असतो आणि तो दगडाखालीच बसतो. घोणस, नाग, मण्यारही आहेत. दंश झालाच, तर चिरणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही न करता माणसाला स्थिर ठेवून १०८ ला फोन करा. आपल्या भागातलं कोणतं रुग्णालय सर्पदंशाची लस ठेवतं, हे गटातल्या दोघांना तरी आधीपासून माहीत हवं.

अवजारं गटाची असतात : दाताळं, घमेली, कुदळ, विळे, गोणपाटाची पोती, एक वजनकाटा. तुम्ही पाण्याची बाटली आणि डबा आणा. पुड्यातलं काही आणू नका.

पावसाळ्यात एक नियम मोडायचाच नाही. खडकवासला धरणातून विसर्ग सुरू असेल किंवा भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी असेल, तर मुठेच्या पात्रात उतरायचं नाही. ओढे तर आणखी फसवे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला कात्रजपासून खाली जो लोंढा आला, त्याने घरं आणि माणसं नेली, आणि त्या आधीच्या दिवसांत तोच ओढा लोकांना नाला वाटत होता. डोंगराकडे आभाळ काळं झालं की काम थांबवून वर या, मग इथे ऊन असलं तरी.

नदीकाठी : काय उचलायचं, काय राहू द्यायचं

नवीन माणूस उत्साहात सगळंच उपटतो. पाणकणीस, लव्हाळा, काठावरचं गवत, वाळलेली पानं, पडलेला ओंडका. मला यानेच सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण काठ नेमका यांनीच धरून ठेवलेला असतो. लव्हाळ्याची मुळं माती बांधतात, पाणकणसात पाणकोंबड्या घरटी करतात, ओंडक्यावर खंड्या बसतो. स्वच्छ नदी म्हणजे झाडून काढलेलं अंगण नव्हे. माणसाने आणून टाकलेलं तेवढं उचला.

गोळा करताना जागेवरच चार भाग करा : विकलं जाईल असं, विकलं जाणार नाही असं (वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, थर्माकोल), कापड, आणि घातक. काच, सुया, औषधांच्या बाटल्या यांच्यासाठी झाकणाचा डबा ठेवा आणि तो फक्त एकाच अनुभवी माणसाकडे असू द्या. मातीत रुतलेल्या साड्या आणि चादरी ओढून काढू नका, त्यांच्यासोबत काठ ढासळतो. वरचा भाग कापून घ्या, आतला राहू द्या. कचरा जाळायचा तर नाहीच. राडारोडा हाताने उचलण्यातही अर्थ नाही. त्याचा फोटो, तारीख, जागा टिपा, ते तक्रारीचं काम आहे.

निर्माल्य हा वेगळा विषय, आणि त्याला हळुवारपणा लागतो. पुलावर कोणी पिशवी घेऊन उभं असेल, तर अडवू नका, जवळ जा. "ताई, पिशवी माझ्याकडे द्या. फुलं खताला घालू, पिशवी तुमची तुम्हाला परत." दहातल्या आठ जणी देतात. देवांच्या तसबिरी, जुन्या मूर्ती सापडल्या, तर त्या इतर कचऱ्यात टाकू नका, वेगळ्या ठेवा. कोणीतरी त्या भरल्या मनाने सोडलेल्या असतात.

जलपर्णीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तिच्यावर सगळ्यांचा राग असतो आणि त्या रागात चुका होतात. मूळची दक्षिण अमेरिकेतली, पाण्यावर तरंगत पसरणारी ही वनस्पती आपल्या सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर पोसते. परिस्थिती अनुकूल असेल, तर साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. पावसाळ्यातला पूर तिला वाहून नेतो, पण काठाच्या कोपऱ्यांत चार-दोन रोपं अडकून राहतात आणि हिवाळ्यात त्यांच्यापासूनच पुन्हा गालिचा होतो. म्हणून स्वयंसेवकांची खरी वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. तेव्हा काठावर उभं राहून लांब दांड्याच्या दाताळ्याने ती अडकलेली रोपं काढली, तर मार्चमधला मोठा भार बराच कमी होतो. काढलेली जलपर्णी निळ्या पूररेषेच्या बाहेर नेऊन वाळवा. पाण्यालगत ढीग लावला, तर पहिल्या लाटेने ती परत जाते. आणि नदीत कारखान्यांचं पाणी येत असेल, तर तिचं खत भाजीपाल्याला घालू नका, कारण ती पाण्यातले जड धातू शोषून घेते. मार्चमध्ये पात्र भरून गेल्यावर मात्र ते यंत्राचं काम असतं. त्यासाठी माणसांना पाण्यात उतरवू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. आणि सांडपाणी येत राहील तोवर जलपर्णी येत राहील, हे गटातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

टेकडीवर : आधी गवत ओळखा

वेताळ टेकडी, पर्वती, तळजाई, बाणेर-पाषाणच्या टेकड्या : या मूळच्या घनदाट जंगलाच्या जागा नाहीत. इथे खडक वर आहे, माती पातळ आहे. इथला निसर्ग म्हणजे गवताळ माळ आणि त्यात विखुरलेली, पानं गाळणारी झाडं. सालई, गणेर, मोई, मेडशिंगी, पळस, हिवर, खैर, धावडा. फेब्रुवारीत पान नसलेल्या गणेरीवर पिवळीधमक फुलं आली की कळतं, उन्हाळ्याला तोंड द्यायची या झाडांची रीत किती जुनी आहे. कुसळी, मारवेल, पवन्या या गवतांत चंडोल आणि तितर जमिनीवरच अंडी घालतात. "इथे तर नुसतं गवत आहे, झाडं लावू या" हे वाक्य पुष्कळदा ऐकू येतं. गवत हीच तिथली संपत्ती आहे.

तेव्हा टेकडीवरचं तुमचं पहिलं काम बाहेरून आलेलं तण उपटण्याचं. गाजरगवत जुलै-ऑगस्टमध्ये, माती ओली असताना, फुलं यायच्या आत मुळासकट काढायचं. एकदा फुललं की हलवलं तरी बी सांडतं. त्वचेला आणि दम्याला ते वाईट, म्हणून मोजे आणि नाकाला रुमाल हवाच. घाणेरी नुसती वरून छाटली, तर दुप्पट जोमाने फुटते. तिचं मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कापायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. पण कापण्याआधी आत घरटं नाही ना, हे पाहा. एका दिवशी सगळा उतार मोकळा करू नका. पाच-दहा फुटांचे पट्टे काढत जा, म्हणजे पाखरांना आडोसा राहतो आणि माती उघडी पडत नाही.

उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प, आणि सुबाभूळ यांचं गणित निराळं आहे. झपाट्याने वाढतात म्हणून वनीकरणात ती मोठ्या प्रमाणावर लावली गेली. ती परकी आहेत, पण ती झाडं आहेत आणि त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक फांदीही तोडू नका. त्यांच्या सावलीत स्थानिक रोपं उगवलेली दिसली, तर तिथे काठी रोवून खूण करा आणि त्यांना जपा. आपोआप उगवलेलं रोप लावलेल्या रोपापेक्षा कितीतरी चिवट असतं.

आता झाडं लावण्याबद्दल. राज्यात २०१६ मध्ये दोन कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. २०१७ चं लक्ष्य चार कोटींचं होतं, २०१८ चं तेरा आणि २०१९ चं तेहतीस. हे आकडे लावण्याचे. तुमच्या वहीत मे महिन्याचा आकडा लिहा : किती रोपं हिरवी आहेत. आम्ही पहिल्या वर्षी मोठ्या हौसेने साठ रोपं लावली, पुढच्या मे अखेर नऊ उरली होती. पाण्याचा हिशोब केला नव्हता. तो असा : एका रोपाला आठवड्याला दहा लिटर धरलं, तर पन्नास रोपांना पाचशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे पंचवीस कॅन. दर आठवड्याला, चढ चढून, दिवाळीपासून मृगापर्यंत. तुमच्या गटात हे करणारे हात किती आहेत ते मोजा आणि तेवढीच रोपं लावा. पाच माणसांच्या गटाला दहा रोपं पुष्कळ झाली.

जागा अशी निवडा जिथे माती निदान हातभर खोल आहे आणि जुनं झाड पूर्वी उभं होतं. खड्डे मे महिन्यात घ्यायचे, उन्हात तापू द्यायचे, मग माती आणि कुजलेलं शेणखत भरायचं. दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावायचं. रोप दोन-तीन वर्षांचं, कमरेएवढं असावं. पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू देऊ नका. आळ्याला वाळलेल्या गवताचं आच्छादन द्या, पाणी निम्म्याने कमी लागतं. नदीकाठी लावायचं असेल, तर वाळुंज, उंबर, करंज, जांभूळ ही काठाचीच झाडं घ्या, आणि पात्राच्या आत काहीही लावू नका. पुराला वाट हवी असते.

जानेवारीपासून वणव्याची भीती सुरू होते. वन विभाग जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून गवत काढलेले मोकळे पट्टे, काढतो, त्यात वनरक्षकांच्या देखरेखीखाली मदत करता येते. आग दिसली, तर आधी १९२६ (वन विभाग) आणि १०१ (अग्निशमन दल) ला फोन. नव्या माणसाने आगीजवळ जायचं नाही. आग चढ वेगाने चढते, म्हणून तिच्या वरच्या बाजूला कोणीही थांबू नये. शिकलेली माणसं जळून गेलेल्या बाजूने येऊन हिरव्या फांद्यांनी ती झोडपतात, तीही सुती कपडे घालून, कारण नायलॉन अंगाला वितळून चिकटतं.

वहीशिवाय घरी जायचं नाही

प्रत्येक वेळी पाच गोष्टी लिहा : तारीख, किती जण, किती तास, कचऱ्याचं वजन प्रकारानुसार, आणि पाण्याचा रंग व वास. एक दगड ठरवा आणि दर महिन्याला त्याच दगडावर उभं राहून त्याच दिशेचा फोटो काढा. पाण्यातले किडे पाहायला शिका. चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच, पण बारीक किडे) यांची पिल्लं दिसली, तर पाण्यात जीव आहे. नुसत्या लाल अळ्या असतील, तर प्राणवायू फार कमी आहे. पाखरांच्या याद्या ईबर्डवर, झाडं-किडे आयनॅचरलिस्टवर, या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर, टाकता येतात. सुरुवात करायला नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह चांगला, ५ ते १२ तारीख. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधले ते दिवस.

ही वही पुढे कामाला येते. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. तुमच्या नोंदी तिथे लेखी द्या आणि पोच घ्या. शहरातलं झाड तोडण्याची नोटीस लागली, तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली, नोटिशीत दिलेल्या मुदतीत, लेखी हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे, म्हणून आपल्या टप्प्यातल्या मोठ्या झाडांच्या बुंध्यांचा घेर आत्ताच मोजून ठेवा. नाल्यातून मैलापाणी थेट नदीत येत असेल, तर दहा रुपयांच्या शुल्कात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "पाणी घाण आहे" असं लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. "अमुक पुलाच्या खाली डाव्या काठाला, गेल्या सहा महिन्यांत अठरा वेळा, सकाळी सात ते नऊ" असं लिहिलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं. हे अठरा आकडे वहीतूनच येतात.

पहिले तीन महिने

वार आणि वेळ पक्की ठेवा. आम्ही रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ ठेवली आहे. नवीन माणसाला जुन्या एकाच्या जोडीला द्या. मुलं आली, तर त्यांना कचरा न देता वही आणि दुर्बीण द्या. दोन तासांच्या वर काम नको, नंतर चहा आणि आजची नोंद मोठ्याने वाचणं.

कधीकधी तुम्ही एकटेच पोचाल. पाऊस असेल, सण असेल, लग्नसराई असेल. अशा दिवशी अवजारं बाहेर काढू नका, कारण एकट्याने काठावर काम करणं धोक्याचं आहे. वही घेऊन वरून टप्पा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला, नाल्यांचा रंग लिहा, ठरलेल्या दगडावरून फोटो काढा आणि पुढच्या रविवारची वेळ गटाला कळवा.